स्नेहा अमरावतीकरची मैत्री

आमच्या गावात माझ्या नोकरीला नाव नव्हतं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं आमचं छोटं गाव. तिथे मास्तर, तलाठी, कंडक्टर, कंपाउंडर एवढ्या नोकऱ्या लोकांना समजायच्या. मी अमरावतीच्या एका खासगी हॉस्पिटलात पर्सनल विभागात लागलो, तेव्हा वडिलांनी चारचौघांत सांगितलं, "आमचा पोरगा मानसं ठेवते." पुढे सत्तावीस वर्षं मी तेच केलं. माणसं ठेवली, आणि ठेवण्याआधी त्यांच्यावर संशय घेतला. कामाचा हा दुसरा भाग वडिलांना कधी सांगितला नाही.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. शाळेतल्या एका सरांनी माझा कॉलेजचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरून दिला, आणि निघताना एक सवय लावून दिली: जे काम करशील ते का केलं ते लिहून ठेव. त्या सरांचं माझ्यावर फार ऋण आहे. पण या लेखात जो घोटाळा येणार आहे तो त्याच सवयीतून झाला, हेही आधीच सांगून टाकतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं कामाबद्दल. हॉस्पिटलात डॉक्टर सोडून जी माणसं लागतात, म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, एक्स-रेवाले, लॅब टेक्निशियन, काउंटरवरच्या मुली, त्यांचे अर्ज माझ्याकडे यायचे. प्रमाणपत्रं खरी आहेत का बघायचं, आधीच्या ठिकाणी फोन करायचा, परीक्षा आणि मुलाखत लावायची, आणि शेवटी एक तक्ता करून मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायचा. मोठे डॉक्टर म्हणजे मालक. तक्त्यात गुणांचे रकाने असत आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मी पेन्सिलीने भरायचो.

मी लागलो त्या काळी चौकशी पायी व्हायची. सोयरीक जुळवताना करतात तशीच. माझी स्वतःची चौकशी करायला हॉस्पिटलचा कंपाउंडर एसटीने आमच्या गावात आला होता. त्याने किराणा दुकानात विचारलं, पोरगा कसा आहे, घर कसं आहे. माझे वडील त्या काळात प्यायचे. दोनदा रस्त्यातून त्यांना उचलून आणावं लागलं होतं, आणि त्यातलं एकदा त्या दुकानदारानेच आणलं होतं. त्याने कंपाउंडरला सांगितलं की पोरगं शिकलेलं आहे, शांत आहे. बस. बऱ्याच वर्षांनी मी त्याला विचारलं, काका, तुम्ही वडिलांचं का नाही सांगितलं? तो तराजू पुसत म्हणाला, "त्यानं पोराचं इचारलं होतं. मी बापाचं काहून सांगू?"

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं.

मग इंटरनेटवाले मोबाइल आले, आणि त्यांवर प्रत्येकाचं खातं, फोटोंसकट. सुरुवातीला मला ते वरदानच वाटलं. एसटी नको, किराणा दुकान नको. उमेदवाराचं नाव टाकलं की त्याचं घर, मित्र, लग्न, देव, पुढारी, सगळं हातात. ज्यांनी आपलं खातं कुलूपबंद ठेवलं असेल त्यांच्यासाठी मोठ्या डॉक्टरांनी एक तोड सुचवली. एक खातं उघडा, दुसऱ्या नावाचं, आणि मैत्रीची विनंती पाठवा. मी उघडलं. नाव ठेवलं स्नेहा अमरावतीकर. फोटोच्या जागी पिवळा गुलाब लावला. अर्ज आला की स्नेहाची विनंती जायची. दहातले आठ जण स्वीकारायचे. पुरुष जरा लवकर स्वीकारायचे.

त्यात गजानन नावाचा वॉर्डबॉय होता. त्याला आम्ही नोकरीवर घेतलं, आणि माझं काम तिथे संपलं. त्याचं संपलं नाही. तो स्नेहाला रोज सकाळी संदेश पाठवायचा. सूर्य, चहाचा कप, एखादा सुविचार. मग खाली दोन ओळी, आज ओपीडीत गर्दी आहे, आज जेवलो नाही. एकदा लिहिलं, "आमचा पर्सनलवाला लई खडूस हाय. हसत नाई कधी." मी ते माझ्याच टेबलावर बसून वाचलं, आणि समोरून स्ट्रेचर ढकलत तोच गेला. त्याने मला नमस्कार केला. मीही केला.

हसायला येतं खरं, पण त्या वर्षांत माझा स्वभाव बिघडला हे मला आता कळतं. समोर बसलेला माणूस बोलत असायचा आणि मी मनात म्हणायचो, हे सगळं ठीक, संध्याकाळी बघतो तू कोण आहेस ते. कोणाच्या घरी कोणाचा फोटो भिंतीवर आहे, कोण कोणत्या मिरवणुकीत होता, कोणाच्या भावाला फिट येतात, कोणाच्या आईची केमोथेरपी चालू आहे. मुलाखतीत मी यातलं काहीच विचारत नव्हतो. हॉस्पिटलच्या वकीलबाई अकोल्याच्या, जुन्या आणि करड्या. त्यांनी आम्हाला एकदा बजावून सांगितलं होतं की जात, धर्म, आजार, लग्न, मूल यांबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. मी ते तंतोतंत पाळलं. विचारत नाही म्हणजे आपण कायद्यात बसतो, असा माझा प्रामाणिक समज होता. आणि जे दिसलं ते शेऱ्यात लिहायचो, कारण सरांनी लिहून ठेवायला शिकवलं होतं. इतर ठिकाणीही हेच चालतं असं मी ऐकून होतो. तिथले लोक फक्त लिहून ठेवत नसावेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या अकोल्याच्या शाखेत लॅब टेक्निशियनची एक जागा निघाली. आदल्या वर्षी तिथल्या दोन मुली एकाच वेळी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि एका माणसावर लॅब ओढावी लागली होती. मोठे डॉक्टर मला म्हणाले, या वेळी जरा बघून घ्या. काय बघायचं ते बोलले नाहीत. मला कळलं.

सात उमेदवार आले. जयश्री नावाची एक बाई, नाव बदललं आहे, लेखी परीक्षेत पहिली आली. लॅबच्या प्रमुखांनी काम करून घेतलं त्यातही पहिली. सासर अंजनगाव सुर्जीचं, शिक्षण लग्नानंतर पूर्ण केलेलं, घरातली पहिली पदवीधर. हे वाचून मला आपुलकी वाटली होती, हे मुद्दाम लिहितो. मुलाखतीला ती सैलसर पंजाबी ड्रेस घालून आली. मांडीवर मोठी पर्स घेऊन बसली आणि पूर्ण वेळ ती पर्स तिथून हलवली नाही.

संध्याकाळी अकोला स्टेशनवर बडनेऱ्याच्या गाडीची वाट बघत मी फोन काढला. तिने स्नेहाची विनंती आदल्या आठवड्यातच स्वीकारली होती. पंधरा दिवसांपूर्वीचा एक फोटो दिसला. हिरवी साडी, शेवंती आणि मोगऱ्याचे दागिने, कमरेला फुलांचा पट्टा, हातात फुलांचं धनुष्य, फुलांनी सजवलेला झोपाळा. एक हात पोटावर. डोहाळजेवण. मला लगेच मांडीवरची पर्स आठवली. म्हणजे लपवत होती, असं मी मनात म्हटलं, आणि आपण पकडलं याचं समाधान वाटलं. गाडीत बसून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "गरोदर. रजेचा प्रश्न."

अर्जातली प्रत्येक ओळ दोनदा वाचणारा माणूस मी. फोटोखाली चार शब्द दिसत होते आणि पुढे "आणखी पहा" असं होतं. तेवढं मी दाबलं नाही. दुसरीकडे मात्र अंगठा लागला, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या नंबरच्या मुलाला जागा मिळाली. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या नावाने जयश्रीचं पत्र आलं, दोन पानी, सुवाच्य अक्षरात. तिला गुणांचा तक्ता लॅबमध्येच कळला होता, कारण प्रमुखांनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. पहिली येऊन जागा का गेली, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा असा की मुलाखतीच्या संध्याकाळी स्नेहा अमरावतीकर नावाच्या अनोळखी बाईने तिचा एक फोटो पसंत केला, ही बाई कोण? तिने स्नेहाच्या मित्रांची यादी बघितली होती. एकूण एकशे बारा जण. त्यांतल्या ज्यांना ज्यांना तिने विचारलं, त्या प्रत्येकाने आमच्या हॉस्पिटलात कधी ना कधी अर्ज केला होता. शिवाय गुलाबाच्या फोटोखाली एका गृहस्थाने लिहिलं होतं, "शुभ सकाळ मॅडम, आज ओपीडीत लई गर्दी."

मी इतकी वर्षं उमेदवारांना वाचत होतो. एका उमेदवाराने बसून मला वाचलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी आधी संशय घेतला तो आतून कोणी फोडलं याचा. मग गजाननचा, मग लॅबप्रमुखांचा, आणि मला वाटतं दोन दिवस माझाही. मी स्वतः गजाननवर डोळा ठेवला, तो बिचारा स्नेहाला रोज चहाचा कप पाठवत होता. शेवटी वकीलबाईंना फोन झाला. त्यांनी मला अकोल्याला बोलावून फाईल पाहिली आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

त्यांनी मला जे समजावलं ते साध्या भाषेत लिहितो, कारण आजही अनेक जण हेच करत आहेत. उघडा फोटो बघणं हाच काही गुन्हा नाही. पण बघितलं की तुम्हाला ते माहीत झालं, आणि एकदा माहीत झालेली गोष्ट मला माहीत नव्हती असं नंतर सिद्ध करता येत नाही. जे तोंडाने विचारायला मनाई आहे ते फोन न विचारता सांगतो. मग तुम्ही खऱ्या कारणाने नाकारलं असलं तरी समोरचा म्हणणार की या कारणाने नाकारलं. बाई म्हणून भरतीत भेदभाव करता येत नाही. आजार, अपंगत्व यांचेही कायदे आहेत. वैयक्तिक माहिती कोणाच्या संमतीने घेतली, हा प्रश्न आता आणखी कडक होतो आहे. आणि दुसऱ्याच नावाने खातं उघडून माणसांना फसवणं हा तर वेगळाच विषय, त्याबद्दल त्यांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी सांगितलं की कागदाला हात लावू नका. मोठ्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं की फाईल नीट लावून घ्या. मुलाखतीचे गुणही पेन्सिलीनेच लिहिलेले आहेत ना, असंही विचारलं. म्हणजे तिचे मुलाखतीचे गुण कमी करा, ती तिसऱ्या नंबरवर जाईल, आणि शेरा दिसणार नाही.

माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. मी त्या दिवशी शेरा खोडला. हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. खोडरबर बाजूच्या मुलीकडून मागून घेतला. गुणांच्या रकान्यापर्यंत गेलो, आणि तिथे हात थांबला. शेरा खोडणं म्हणजे माझं लिहिलेलं पुसणं होतं. गुण खोडणं म्हणजे तिचं कमावलेलं पुसणं झालं असतं. असा फरक मी तेव्हा केला. तो फार मोठा फरक नव्हता, कारण ते अर्धवट काम उद्या सकाळी पूर्ण करू, असं म्हणूनच मी घरी गेलो होतो.

पण सकाळीच वकीलबाईंनी आग्रह धरून त्याच दिवशी अकोल्याच्या शाखेत बैठक लावली, आणि ते काम राहून गेलं. जयश्री आली, आणि सोबत तिची सासू. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, बोटांना फुलांच्या देठांचा हिरवा डाग. मोठे डॉक्टर, वकीलबाई आणि मी एका बाजूला. मोठ्या डॉक्टरांनी सुरुवात केली की निवड सर्व बाबींचा विचार करून झाली आहे. जयश्रीने फोन काढून तो फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, याच्यात असं काय होतं. सासूबाईंनी फोन आपल्याकडे वळवून बघितला.

"हा फोटू? हा तं आमच्या दुकानाचा हाय. डोहाळजेवनाचे दागिने आमीच करतो न. नमुना दाखवाले कोनी तरी पायजे का नाई? पोटुशी बाई फोटू काढू देते का? नजर लागते न बाप्पा. म्हनून म्या हिच्या अंगावर घातले."

मग त्यांनी "आणखी पहा" दाबून दाखवलं. खाली लिहिलं होतं की ऑर्डरप्रमाणे फुलांचे दागिने बनवून मिळतील, आणि दुकानाचा पत्ता.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं एकदम उतरलं असं वाटलं. पोटुशी बाईचा फोटो आमच्याही गावात कोणी काढू देत नसे, माझ्या आईनेच दोन सुनांचे काढू दिले नव्हते, आणि हे मला स्टेशनवर आठवलं नव्हतं. मी हसलो. म्हणालो, "बाई, मग आमचा गैरसमजच झाला. आम्हाला वाटलं तुम्ही गरोदर आहात."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. आदल्या दिवशी रबराने जे पुसलं ते मी तोंडाने पुन्हा लिहून दिलं होतं.

जयश्री रागावली नाही. तिची पर्स आजही मांडीवर होती. ती म्हणाली, "सर, माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मूल नाही. तो फोटो टाकला तेव्हा गल्लीत लोक काय काय बोलले ते मला माहीत. दुकानासाठी ते मी सहन केलं. पण तुम्ही एक सांगा. मी खरंच गरोदर असती तर?"

माझं गैरसमजाचं हसू तोंडावर तसंच राहिलं असणार. कारण तिच्या प्रश्नाने माझ्या 'गैरसमज' या शब्दाचा अर्थ उघडा पडला. आमचा नुसता गैरसमज झाला असेल, तर ती खरोखर गरोदर असती तेव्हा आम्ही बरोबर वागलो असं होत होतं. मला तो किराणावाला आठवला. त्याच्यापुढे माझं घर उघडं होतं, आणि विचारणाऱ्याला माझ्यापुरतं सांगून त्याने बाकीचं झाकून ठेवलं होतं. त्याने बापाचं सांगितलं असतं, तर मी या टेबलाच्या या बाजूला बसलोच नसतो.

मी फाईल उघडली आणि तक्ता तिच्यासमोर सरकवला. गुण जसेच्या तसे होते. शेऱ्याच्या रकान्यात कागद खरवडलेला होता आणि आडवा धरला की अक्षरं उमटलेली दिसत होती. मी म्हणालो, "असत्या तरी पहिला नंबर तुमचाच होता. हे मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं."

सासूबाई कागद उजेडाकडे धरून बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं हे मला नंतर कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता काय करून राहिले तुमी?"

पुढचं वकीलबाईंनी केलं. दुसऱ्या नंबरच्या मुलाचा त्यात दोष नव्हता. त्याला अमरावतीच्या लॅबमध्ये घेतलं, तो तिकडचाच असल्याने खूशच झाला. अकोल्याची जागा जयश्रीला मिळाली. तिने आणखी दोन गोष्टी मागितल्या. स्नेहाचं खातं तिच्यासमोर बंद व्हावं, आणि तिला का नाकारलं ते संस्थेने लिहून द्यावं. खातं मी तिथेच बंद केलं. पत्र मात्र मोठ्या डॉक्टरांनी दिलं नाही, नियुक्तीचाच कागद दिला. तिने तो दोनदा वाचला आणि सही केली. नोकरी हवी होती, म्हणून. मला ते कळलं, कारण मीही अशीच एक सही कधीतरी केली आहे.

मोठे डॉक्टर माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलले. निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळेल असं आधी म्हणत होते, तो विषय पुन्हा निघाला नाही. भरतीच्या तक्त्यातून शेऱ्याचा रकाना काढून टाकला. आता तिथे वेगळ्या प्रकारे काय चालतं ते मला माहीत नाही, आणि खात्री द्यायला मी तयार नाही.

गजानन एक दिवस माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. साहेब, आपल्याकडे स्नेहा नावाच्या कोणी मॅडम होत्या का, अमरावतीकर? मी विचारलं, का? तो म्हणाला, काही नाही, तब्येतीची काळजी वाटून राहिली. मी रजिस्टर उघडून बघितल्यासारखं केलं आणि नाही म्हणालो. त्याने हे वाचलं, तर त्याची माफी मागतो. मी खडूस आहे हे त्याने अगदी बरोबर ओळखलं होतं.

जयश्री चांगलं काम करायची. महिन्यातून दोनदा मी अकोल्याला जायचो. ती आदराने बोलायची, पण माझ्या हातात फोन असला की बोलणं आवरतं घ्यायची. मी मागवलेला चहा तिने कधी घेतला नाही. तिचं खातं मला दिसेनासं झालं होतं. मी शोधलं होतं, एकदा. त्याचीही लाज वाटते.

माझ्या निरोपाच्या दिवशी अकोल्याची मंडळी अमरावतीला आली. जयश्रीने एक मोठा हार आणला, शेवंती आणि मोगऱ्याचा, सासूबाईंनी पहाटे ताजी फुलं तोडून केलेला, असं तिने सांगितलं. तिनेच तो घालावा असं सगळे म्हणाले. ती पुढे आली, मी मान वाकवली. गजाननने फोन वर धरला आणि ओरडला, ताई, इकडे बघा. तिचे हात माझ्या गळ्याशी होते.

"माझा नको," ती हळूच म्हणाली, आणि हार सोडताना बाजूला झाली.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी आहे, हार आहे, आणि एका कडेला मनगटापर्यंत एक हात.